तीस पत्ते, पाच वेळा

आमच्या भागात पाऊस येणं वेगळं आणि झड लागणं वेगळं. पाऊस येतो, धिंगाणा घालतो, नाले भरतो आणि निघून जातो. झड मुक्कामालाच येते. तिला गडगडाट नाही, वीज नाही, घाई तर मुळीच नाही. सकाळी जी बारीक धार असते तीच दुपारी, तीच दिवेलागणीला. यंदा नांदुऱ्यात आज सहावा दिवस आहे. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, डब्यातल्या मिठाला पाणी सुटलंय, आणि शाळा भरवायची की नाही यावर रोज सकाळी आम्हा शिक्षकांची फोनाफोनी चालते. आज सुट्टी मिळाली. मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू.

घरात माझी दहा वर्षांची मुलगी, मुक्ता, पत्ते घेऊन बसली आहे. हे आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत. प्राण्यांचे आहेत. प्रत्येकावर वाघ, गेंडा, मगर, आणि खाली त्याचं वजन किती, धावतो किती. गड्डी छोटी, मोजून तीस पत्त्यांची. फोनवर कुणाला तरी पाहून ती दोन्ही हातांनी फर्रकन पिसायला शिकतेय, आणि दर वेळी गेंडा पलंगाखाली नि मगर फ्रिजमागे जाते. एवढ्याशा गड्डीला एवढा थाट कशाला, असं मी म्हटलं. त्यावर, मग तू कशी पिसतेस ते दाखव, असं उत्तर आलं. मी पत्ते हातात घेतले आणि माझ्या हातांनी मला न विचारता पंधरा-पंधराचे दोन वाटे केले. मग मी थांबले आणि गड्डी तिला परत दिली.

पत्ते पिसण्यात माणूस दिसतो, असं माझं फार जुनं मत आहे. माझे वडील बुलढाण्याला कचेरीत कारकून होते. ते गड्डीतून मूठभर पत्ते उपसून वर टाकत, परत उपसत, परत टाकत, आणि त्या वेळी त्यांचं लक्ष भलतीकडेच असे. शेजारच्या काकू सगळे पत्ते सतरंजीवर उलटे पसरून दोन्ही तळव्यांनी कालवत, आणि त्यांच्या घरातला कारभारही तसाच होता, सगळं सगळ्यांत. माझ्या नवऱ्याला पिसण्याचा कंटाळा. तो दोनदा वरखाली करून वाटायला लागतो. लहान गड्डीचं हेच आहे. ती मुठीत सहज मावते, म्हणून माणूस गाफील राहतो. पत्ते थोडे आहेत, मिसळले असतीलच, असं वाटतं. मिसळलेले नसतात.

हे मी शिकले ते सोनाळ्याला, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. तेव्हाही अशीच झड लागली होती. नवरा नांदुऱ्याला नोकरीवर, आणि मी नवी सून म्हणून महिनाभर सासरी. गावाबाहेरच्या पुलावरून पाणी गेलं आणि एसटी बंद झाली. तिसऱ्या दिवशी वीज गेली. सातपुडा तर पहिल्याच दिवशी दिसेनासा झाला होता. ज्या गावाला डोळे उघडल्याबरोबर डोंगर पाहायची सवय, त्या गावाला समोर नुसतं पांढरं दिसलं की माणसं उगीच हळू बोलायला लागतात. निंदण थांबलं, कोळपणीचे डवरे कोपऱ्यात उभे राहिले. गोठ्यात कडुनिंबाचा धूर केलेला असायचा आणि तो घरभर फिरून शेवटी आमच्या डोळ्यांत यायचा. जेवायला रोज अंबाडीची भाजी नि ज्वारीच्या कण्या. पहिले दोन दिवस मला ते फार आवडलं. पाचव्या दिवशी मी आईच्या हातच्या वरणभाताची आठवण काढत होते, पण नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं.

घरात आम्ही तिघंच होतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, आणि माझी मोठी नणंद, शोभाताई.

मामाजींची वीस एकर जमीन होती, पण गावात त्यांचं नाव जमिनीसाठी नव्हतं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं भांडण झालं की लोक कोर्टात जायच्या आधी मामाजींच्या ओट्यावर येत. मामाजी दोघांना समोर बसवत. उजवीकडे बसलेल्यानं आधी बोलायचं. त्यानं एक गोष्ट सांगितली की दुसऱ्यानं एक सांगायची. मग परत पहिला. मध्ये कुणी तोंड घातलं तर मामाजी नुसता हात वर करत. सगळं ऐकून झालं की दोघांकडून वचन घेत आणि चहा पाजून पाठवत. बराबर माणूस, असं लोक म्हणायचे त्यांना. मीही म्हणायची. आजही म्हणते.

ताई तेव्हा माहेरी आली होती. चौथ्यांदा आली होती. तिचा नवरा तिच्यावर हात उचलायचा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. आधीच्या तिन्ही वेळी असंच झालं होतं: ती यायची, मागोमाग पंधरा दिवसांत जावई यायचे, मामाजी दोघांना समोर बसवायचे. एक तिचं ऐकायचे, एक त्यांचं. जावई गोड बोलणारे. चूक कबूल करायचे, हात जोडायचे, पुन्हा होणार नाही म्हणायचे. आणि तुमच्या मुलीची जीभही जरा लांब आहे, हेही सांगायचे. मामाजी दोघांकडून वचन घ्यायचे. जावयांनी हात आवरायचा, ताईनं जीभ. मग ती बॅग भरायची. माहेरी जाऊन सांगितलंस, म्हणून तिकडे गेल्यावर तिला आणखी मार बसायचा. हे तिनं मला भांडी विसळता विसळता सांगितलं होतं, अगदी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात. मी ऐकून घेतलं. मी नुसती ताटं पुसत राहिले, याची आजही लाज वाटते.

या वेळी जावयांचा फोन आला होता, की उघाड पडली, गाडी सुरू झाली की न्यायला येतो. सगळं गाव उघाडीकडे डोळे लावून बसलं होतं, कपाशी पिवळी पडत होती. ताईला मात्र पाऊस थांबायला नको होता. ती दाराशी उभी राहून नुसता आवाज ऐकायची.

बापलेकीत बोलणं जवळजवळ नव्हतं. मामाजी तिला रागावले नव्हते, तीही त्यांना उलट बोलली नव्हती, पण दोघांच्या मध्ये तो येणारा जावई बसलेला होता. पत्ते हेच काय ते त्यांचं बोलणं. पहिल्या दिवशी मामाजींनी कपाटातून गड्डी काढली आणि म्हणाले, "चला, पाच-तीन-दोन." तेवढ्यासाठी का होईना, ताई त्यांच्यासमोर येऊन बसली. मला वाटतं तेवढ्यासाठीच त्यांनी ती काढली होती.

ज्यांनी हा खेळ खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा तिघांचाच खेळ. लहान पत्ते बाजूला काढायचे, तीस ठेवायचे. एकानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. आधी प्रत्येकाला एकदम पाच-पाच पत्ते. ज्याचे पाच हात त्यानं तेवढ्यावर हुकूम बोलायचा. मग उरलेले वाटायचे. त्या घरात आणखी दोन नियम होते. पहिल्या पाचांत ज्याला एक्काही नाही आणि चित्रही नाही, त्यानं पत्ते टाकायचे आणि पुन्हा पिसून वाटायला सांगायचं. आणि वाटणाऱ्यानं आपले पत्ते सगळ्यांत शेवटी उचलायचे, म्हणजे कुणाला शंका नको.

पिसायचे मामाजीच. पहिले चार दिवस सगळ्यांसारखेच उपसून पिसत होते. पण पाचव्या दिवसापर्यंत पत्ते दमट होऊन फुगले. उपसायला गेलं की चार-चार चिकटून यायचे. चुलीशेजारी वाळवून पाहिले, तर कडा वळल्या. ताईनं पावडर लावून पाहिली, तर पत्त्यांना लग्नघरचा वास आला, पण चिकटायचे ते चिकटलेच. तेव्हा मामाजींनी त्यांची पद्धत काढली. गड्डी मोजून पंधरा-पंधराचे दोन वाटे. वरचे पंधरा डावीकडे, खालचे पंधरा उजवीकडे. मग उजवीकडचा एक पत्ता उचलायचा, डावीकडचा एक त्याच्याखाली सरकवायचा, परत उजवीकडचा, परत डावीकडचा. एक इकडचा, एक तिकडचा. चुकून दोन आले तर बोटाला थुंकी लावून वेगळे करायचे. सुरुवात उजवीकडूनच, कारण कुठलंही काम उजव्या हातानं सुरू करायचं. आणि पाच वेळा, कारण खेळ पाचाचा. पंचवीस पिढ्यांचं गणित मांडत असल्यासारखे ते त्यात रमून जायचे. पाच वेळा पिसून झालं की गड्डी काटायला माझ्यापुढे धरायचे. मी काटायची नाही. सासऱ्यांनी पिसलेल्या गड्डीवर सुनेनं अविश्वास कसा दाखवायचा? मी वरच्या पत्त्याला नुसतं बोट लावायची.

माझ्या बोट लावण्याचं त्यांना कौतुक वाटायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं. मी खूश झाले.

सहाव्या दिवशी दुपारी माझे पाच हात होते, ताईचे तीन, मामाजी वाटत होते. मी माझे पाच उचलले. बदामचा एक्का, राजा, गुलाम, आणि किलवरचे दोन. मी मनात बदाम हुकूम ठरवूनही टाकला. ताईनं तिचे पाच पाहिले आणि खाली टाकले. दोन सत्त्या, दोन अठ्ठ्या, एक नश्शी. चित्र नाही, एक्का नाही. मामाजींनी त्यांचे अजून उचललेच नव्हते. मला हळहळ वाटली, पण नियम म्हणजे नियम. मीच पत्ते गोळा केले. मी नीटनेटकी. ज्या क्रमानं वाटले होते त्याच क्रमानं परत उरलेल्या गड्डीवर ठेवले, वर माझे, त्याखाली ताईचे, त्याखाली मामाजींचे. मामाजींनी सावकाश पाच वेळा पिसलं. मी बोट लावलं. त्यांनी वाटले.

मी पत्ते उघडले. बदामचा एक्का, राजा, गुलाम, किलवरचे दोन.

समोर ताई आपल्या पत्त्यांकडे पाहत राहिली. मग तिनं ते टाकले. मी परत गोळा केले, मामाजींनी परत पाच वेळा पिसले, परत वाटले. मला परत तेच. मी वर पाहिलं नाही.

ताईनं तिचे पाचही पत्ते उलटे केले आणि सतरंजीवर एकेक करून मांडले. दोन सत्त्या, दोन अठ्ठ्या, नश्शी. "तीन बारी तेच," ती म्हणाली. "बाबा, तुमी पत्ते लावून राह्यले. सुनेले चांगले अन् मले हे."

मामाजींना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं.  त्यांनी हातातली गड्डी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि गोठ्यात निघून गेले. बैलांना वैरण सकाळीच टाकलेली होती. ते तिथं नुसतेच उभे होते, हे मला खिडकीतून दिसत होतं. ताई तिच्या खोलीत गेली. सतरंजीवर मी आणि तीस पत्ते राहिलो.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. निदान दुसऱ्या वेळी तेच पत्ते आले तेव्हा तरी म्हणायला हवं होतं, की काहीतरी विचित्र होतंय, जरा थांबा. पण मला बदाम हुकूम करायचा होता. हे एक. आणि दुसरं असं की, मलाही तेच आले, हे मी नंतर सांगितलं असतं तर ती सासऱ्यांविरुद्ध साक्ष झाली असती. नाही सांगितलं तर ताई खोटी पडत होती. चार महिन्यांची सून काय करते? मी पत्ते गोळा करून कपाटात ठेवले आणि कण्या शिजत लावल्या. अशा वेळी स्वयंपाक फार उपयोगी पडतो.

ती संध्याकाळ आणि पुढचा अख्खा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. बाहेर तीच धार. पत्ते निघाले नाहीत. मामाजी ओट्यावर, ताई आत, आणि मी दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढत होते. पाऊस थांबला की ती जाणार, आणि जाताना बापावर हा आरोप ठेवून जाणार, हे मला दिसत होतं. आणि मामाजी आता तर तिचं काहीच ऐकणार नाहीत, असंही वाटत होतं. दुखावलेला माणूस आणखी नियमानं वागतो.

मी गणितात पदवी घेतली होती आणि तिचा सासरी काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण तिसऱ्यांदा तेच पाच पत्ते येण्याची शक्यता किती कमी असते, एवढं तरी मला कळत होतं. मामाजींनी पत्ते लावले नव्हते, हेही नक्की होतं, कारण मी त्यांच्या बोटांकडे पाहतच बसले होते. मग झालं काय? आठव्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी गड्डी काढली, पाठीमागच्या खोलीत बसले, पत्ते रंगाप्रमाणे ओळीनं लावले आणि मामाजींसारखंच पिसलं. पंधरा डावीकडे, पंधरा उजवीकडे, सुरुवात उजवीकडून. सगळ्यांत वर इस्पिकचा एक्का होता, त्याच्यावर नजर ठेवली. पहिल्यांदा पिसल्यावर तो दुसरा आला. मग चौथा. मग आठवा. मग सोळावा. आणि पाचव्यांदा पिसल्यावर तो परत सगळ्यांत वर होता.

मी गड्डी उलटी करून पसरली. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. इस्पिक संपले, बदाम सुरू. तिसाच्या तीस पत्ते आपापल्या जागी परत आले होते, जसं कुणी हात लावलाच नव्हता.

पुढे मी हे कागदावर मांडूनही पाहिलं. तीस पत्ते, उजवीकडून सुरुवात, न चुकता एकाआड एक, की पाचव्या वेळी गड्डी पहिल्यासारखी. डावीकडून सुरुवात केली असती तर तेच व्हायला अठ्ठावीस वेळा पिसावं लागलं असतं. एकदा जरी दोन पत्ते चिकटून आले असते तरी सगळं विस्कटलं असतं. मी एकदा जरी गड्डी काटली असती तरी ताईचे पत्ते बदलले असते. वर्गात मी हे मुलांना दर वर्षी करून दाखवते आणि मुलं टाळ्या वाजवतात. त्यांना ती जादू वाटते. मला मात्र दर वेळी थोडी भीती वाटते. त्या घरात कुणीही वाईट वागलं नव्हतं. मामाजी काटेकोर, मी आदबशीर, माझं पत्ते गोळा करणं नीटनेटकं. आम्ही सगळ्यांनी आपापलं वागणं चोख ठेवलं आणि ताईच्या वाट्याला तेच पाच पत्ते येत राहिले. निष्पक्षपणे एक इकडचं आणि एक तिकडचं ऐकलं की न्याय झाला, असं आपण समजतो. ज्याला आधीच वाईट पत्ते आलेत त्याला त्यात काय मिळतं, हे आपण शेवटपर्यंत पाहत नाही. हातून काहीतरी चुकलं पाहिजे, कुणाकडे तरी झुकलं पाहिजे, तर कधीतरी पत्ते हलतात.

हे विचार अर्थातच नंतरचे. तेव्हा मी नुसती धावत ओट्यावर गेले आणि म्हणाले, "मामाजी, जरा आत या. तुमच्याकडून काही चुकलं नाही, पण ताईही खोटं बोलली नाही."

त्यांनी मला ते दोनदा करायला लावलं. मग स्वतः केलं, पत्ते उघडे ठेवून, ओठांनी मोजत. पाचव्या वेळी इस्पिकचा एक्का वर आला तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग मी तेही सांगितलं, जे सांगायची मला दोन दिवस भीती वाटत होती, की मलाही तिन्ही वेळा तेच पत्ते आले होते आणि मी गप्प बसले. ते रागावले नाहीत. मी बोललेलं त्यांना ऐकू आलं की नाही अशी मला शंका आली.

"म्हंजे मी पिसतच नोतो," ते म्हणाले.

मामाजी आता नाहीत. पण ते वाक्य ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. ते पत्त्यांबद्दल बोलत नव्हते. ते उठले, ताईच्या खोलीच्या दाराशी गेले आणि उंबऱ्याबाहेरच बसले. मुलीच्या खोलीत शिरायची त्यांना सवय नव्हती. ताई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

ते म्हणाले, "शोभे, तुयं खरं होतं. म्या लावले नोते, पण तुले तेच आले. आता तू सांग. पाहुण्यायचं मी यावेळी आयकत नाही. तुयंच आयकतो."

 ताई आधी तांदळातले खडे काढत राहिली. मग एकदम सुरू झाली. तीन वर्षांचं सगळं होतं ते, पहिल्या दिवाळीपासूनचं. दंडावरचा डाग तिनं पदर बाजूला करून दाखवला. दुपारचा चहा झाला नाही, गाई धुऱ्यावरून परत आल्या तरी ती बोलतच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि वाट पाहत होते की आता मामाजी हात वर करतील, आता म्हणतील की बरं, त्यांचं काय म्हणणं होतं तेही सांग. त्यांनी हात वर केला नाही. एकदा फक्त डोळ्यांवर धरला.

शेवटी ती म्हणाली, "मले तिकडं जाचं नाही, बाबा."

"मंग नको जाऊ."

एवढंच. मी आजवर कुठल्याही कोर्टाचा निकाल ऐकला नाही, पण यापेक्षा छोटा नसेल. ताई रडली नाही. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली की आठ दिवस तिला झोप नाही, पाऊस कधी थांबतो म्हणून कान लावून पडून असते. आता तिला फक्त झोपायचं आहे.

नवव्या दिवशी सकाळी उघाड पडली. डोंगर एकदम जवळ आल्यासारखा दिसू लागला, गावभर बायकांनी गोधड्या भिंतींवर टाकल्या, माणसं पांदणीच्या वाटेनं शेताकडे पळाली. दुपारी पहिली एसटी आली आणि तिच्यातून जावई उतरले. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. मामाजींनी त्यांना ओट्यावरच बसवलं. मी पाणी दिलं, चहा दिला. जावई नेहमीसारखं गोड बोलत होते. पावसानं किती नुकसान केलं, रस्ते कसे झाले.  जावयांनी सवयीनं उजवीकडे सरकून, घसा साफ करून बोलायला सुरुवात केली, की मागच्या वेळी जे झालं त्यात आपलीही थोडी चूक होती.

मामाजी म्हणाले, "ते राहू द्या."

जावयांना काय समजायचं ते समजेना. त्यांनी आवाज जरा चढवला. शोभा कुठं आहे, तिला बॅग भरायला सांगा, चार वाजताची गाडी गाठायची आहे.

आत ताई सकाळच्या जेवणानंतर झोपली होती. कूस न बदलता, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखी. इतकी गाढ की गालावर माशी बसली होती ती मीच हाकलली. मामाजींनी एकदा त्या खोलीकडे पाहिलं आणि मग जावयांकडे वळले.

"हळू बोला, पाहुणे," ते म्हणाले. "पोरगी झोपली हाये. गाडी तुमाले एकट्यालेच धराची हाये."